तीन खाचांची पिन

माझ्या थोरल्या काकांना मशीन उघडून बघावं लागत नसे, आणि या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा लोकांना पोटच्या पोरांचाही नसतो. नदीच्या धक्क्याजवळ, बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत त्यांचं वर्कशॉप आहे. होडीच्या मोटारी, पाण्याचे पंप, गवत कापायची यंत्रं, एकदा तर दातांच्या डॉक्टरची वरखाली होणारी खुर्ची, सगळं त्यांच्या दारात यायचं. मोटार सुरू करून ते तिच्यावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, मुठीकडचं टोक कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "खालच्या सिलिंडरची रिंग गेलीय." उघडून बघितलं की खालच्याच सिलिंडरची रिंग गेलेली. म्हणून सगळे त्यांना 'कानवाले' म्हणत. काकू म्हणायची, "कान मोठा आहे खरा, पण घरातून हाक मारली की तेवढा बंद असतो."

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे खाचा. स्वतः घडवलेल्या प्रत्येक वस्तूवर, मग तो दांडा असो, बुश असो की साधा खिळा, त्रिकोणी कानशीने ते तीन बारीक खाचा मारायचे. शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर. "माझ्या खाचांची वस्तू बिघडून माझ्याकडे परत आली," ते चारचौघांत सांगत, "तर त्या दिवशी कानस खाली ठेवीन." तशी कधी आली नाही. लहानपणी मी घरभर त्या खाचा शोधत फिरायची. आईच्या शिलाई मशीनच्या पायडलला जो दांडा आहे, त्यावर त्या आहेत. आई गेली, मशीन माझ्याकडे आलं. त्यावर मी लोकांचे कपडे शिवते, आणि दांडा अजून कुरकुरलेला नाही. काकांच्या कामाला नाव ठेवायला मला आजही जागा नाही. नाव ठेवायचं आहे ते दुसऱ्या गोष्टीला, आणि त्यात माझंही नाव आहे.

बाबा काकांहून सहा वर्षांनी धाकटे. नदीवर पूल नव्हता तेव्हा ते ठेकेदाराच्या होडीवर होते, माणसं या काठावरून त्या काठावर न्यायची. होडी ठेकेदाराची, पण मागची मोटार बाबांची स्वतःची. हिरवी, दोन सिलिंडरची, तेव्हाही जुनीच. तिच्या डोक्यावर एक उघडं चाक होतं. त्याला दोरी गुंडाळायची, पाय रोवायचा आणि एका झटक्यात ओढायची. इतरांना नदी ओलांडायला बारा मिनिटं लागत, बाबांना सात. मधल्या प्रवाहात आले की ते मोटारीच्या वेगाची मूठ पूर्ण उघडायचे, होडीचं नाक वर उचललं जायचं आणि पुढच्या फळीवरच्या बायका पदर सावरत ओरडायच्या, "अहो, हळू!" बाबा शीळ घालायचे. मी त्यांना एवढं खूश दुसरीकडे कुठेही बघितलेलं नाही, माझ्या लग्नातही नाही.

आता त्या पिनेबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावर आहे. मोटारीचा पंखा पाण्याखाली ज्या दांड्यावर फिरतो, त्या दांड्यात पितळेची एक पिन आरपार घातलेली असते, बोटाच्या दोन पेरांएवढी. पंखा दगडावर आपटला की ती पिन मोडते. मोडावी म्हणूनच ती घालतात. पिन मोडली की पंखा सुटा होतो आणि आतले गिअर वाचतात. माझ्या मशीनची सुई मोडते तसंच. सुई मोडली म्हणून कुणी रडत नाही, नवी लावतात. सुई मोडली नाही तर मात्र मशीनच्या पोटात काहीतरी जातं.

त्या वर्षी उन्हाळ्यात नदी फार खाली गेली होती. धक्क्याजवळचे दगड वर आले होते आणि बाबांनी एका आठवड्यात तीन पिना मोडल्या. तिन्ही वेळा काकांकडे धावत गेले. इतर नावाड्यांच्याही मोडत होत्या, पण धाकट्या भावाच्या मोडल्या की जास्त दिसतात. तिसऱ्या वेळी काकांच्या पुढ्यात कुणाचातरी पंप उघडा पडलेला होता. त्यांनी पंप तसाच सोडला. स्वतः उठून धक्क्यावर आले, पिन घातली, पंख्यावरची धातूची टोपी आवळली आणि परत गेले. त्यानंतर पिन मोडली नाही. बाबा म्हणाले, "दादाच्या हाताला गुण आहे."

पंधरा दिवसांनी भर दुपारी, अकरा माणसं होडीत असताना, पाण्याखालच्या खडकावर पंखा आदळला. मी तेव्हा बारा वर्षांची, धक्क्यावर बाबांचा डबा घेऊन उभी होते. कड् असा आवाज माझ्यापर्यंत आला. मोटार भुंकल्यासारखी ओरडली, पण होडी हलेना. ती प्रवाहाबरोबर वाहायला लागली. बाबांनी वल्हं मारून मारून ती अर्ध्या तासाने काठाला लावली. कुणाला काही झालं नाही. एका म्हाताऱ्याची चप्पल तेवढी गेली.

काका आले. ठेकेदार होता, अकरा माणसं होती, बघे होते. काकांनी पंखा हाताने फिरवला, कान लावला, डोळे मिटले. मग सांगितलं, "गिअरचे दात गेले. दगडावर घातलीस. दोष मशीनचा नाही, हाताचा आहे."

उघडलं नाही. ती टोपी काढून, पंखा ओढून, पिन कशी आहे तेवढं तरी बघायचं. दोन मिनिटांचं काम. पण कानवाल्यांनी उघडून बघितलं तर ते कानवाले कसले?

ठेकेदाराने बाबांना त्याच संध्याकाळी काढलं. कानवाल्यांचा शब्द, आणि तोही सख्ख्या भावाविरुद्ध, म्हणजे खोटा असणार नाही. त्या मोटारीचे गिअर कुठे मिळत नव्हते. मोटार गोणपाटात गुंडाळून आमच्या मागच्या खोलीत गेली आणि बाबा पाणीपुरवठ्याच्या टाकीवर नोकरीला लागले. तिथे दर तासाला काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची. चाक फिरवायचं नाही, बटण दाबायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. बाबांनी ती नोकरी बावीस वर्षं केली आणि निवृत्तीच्या दिवशी वरिष्ठांनी भाषणात सांगितलं की यांच्या हातून कधी एक चूक झाली नाही. होणार कुठून?

आणि मग ते नाव. काकांनीच ठेवलं, गमतीत. 'दगड्या.' एवढी मोठी नदी, पण याला बरोबर दगड सापडला. घरातल्या प्रत्येक जेवणात, प्रत्येक बारशाला, "दगड्याच्या हातात देऊ नका रे" हे ठरलेलं. नातेवाईक हसायचे, गल्ली हसायची, मीही हसायचे. बाबा सगळ्यांच्या आधी हसायचे. पण मी त्यांची मुलगी, मला दिसायचं. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत. सायकल हातात धरून चालत जात, वर बसत नसत. माझा मुलगा झाला तेव्हा त्याला बघायला आले, दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकून बघितलं आणि म्हणाले, "झोपू दे त्याला." तो टक्क जागा होता.

गेल्या वर्षी मागची खोली रिकामी करताना गोणपाट निघालं. बाबा म्हणाले, "भंगारात दे." एवढं सहज म्हणाले की माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, गिऱ्हाइकांना विचारा. मी हातगाडी बोलावली आणि मोटार थेट काकांच्या दारात नेली.

"ही चालू करायची," मी म्हटलं.

काका शहात्तर वर्षांचे. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा कामापुरता. त्यांनी गोणपाट उलगडलं आणि माझ्याकडे बघितलं. "दगड्याने पाठवली?"

"मी आणली. बाबांना एकदा नदीवर नेणार आहे. तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात, बघू या."

म्हाताऱ्याला डिवचलं की तो उठतो, हे मला ठाऊक होतं.

पुढचे दोन महिने मी दुपारी दुकान बंद करून तिथे जायची. दोन्ही पिस्टन गच्च अडकले होते. काकांनी प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल ओतलं आणि आठ दिवस हात लावला नाही. नवव्या दिवशी चाक बोटभर हललं, तेव्हा त्यांनी काकूला हाक मारून चहा मागितला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंक झालेलं. बारीक तारेने एकेक भोक मोकळं केलं. आतला बुचाचा तरंगता तुकडा हात लावताच भुगा झाला. त्यांनी बाटलीची मोठी बुचं जोडून, घासून नवा केला, त्यावर पेट्रोलने विरघळणार नाही असा लेप चढवला आणि तीन खाचा मारल्या. कॉइलला तडा होता, पाण्याच्या पंपातलं रबर लाकडासारखं झालं होतं. प्रत्येक गोष्टीवर ते मला व्याख्यान देत. मी नव्या ब्लाउजला काजं करत ऐकायची. खरं सांगते, ते दिवस चांगले होते. काका मला पहिल्यांदाच आवडायला लागले होते.

राहिले गिअर. भंगारवाल्याने कुठूनतरी तशीच एक मेलेली मोटार शोधून आणली. तिचं डोकं फुटलेलं होतं, पण पाय शाबूत. तिचे गिअर आमच्या मोटारीत घालायचे म्हणून काकांनी शेवटी आमच्या मोटारीचा खालचा भाग बाकावरच्या लोखंडी शेगड्यात घट्ट पकडला. बत्तीस वर्षांनी टोपी काढली. पंखा हलवत हलवत ओढला. मी बॅटरी धरली होती.

दांड्यातून पिन बाहेर आली. अखंड. जरा वाकलेली, पण अखंड.

काकांनी ती कापडाने पुसली. पितळ पुसल्यावर पिवळं दिसतं. ही काळसर होती, चकचकीत, पोलादाची. टोकाशी तीन खाचा.

त्यांनी पिन शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

"काय होतं?" मी विचारलं. मला दिसलं होतं, तरी विचारलं.

"जुनी पिन."

"मोडली कशी नाही?"

"बॅटरी नीट धर," ते म्हणाले. पण पाना नटावर बसेना. दोनदा निसटला, मग त्यांनी तो खाली ठेवला आणि स्टुलावर बसले. "ड्रिलचं पातं मोडलं होतं माझं त्या दिवशी," ते म्हणाले. "त्याचा दांडा पडला होता समोर. हा तिसऱ्यांदा आला पिन मागत. मला राग आला. म्हटलं, घे, आता आपल्या बापाच्यानेही मोडणार नाही. दोन मिनिटांत कापली, घातली. संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो."

"आणि त्या दिवशी धक्क्यावर?"

"आठवलं नाही. शपथेवर सांगतो, आठवलं नाही. उघडलं असतं तर दिसलं असतं." त्यांनी मान खाली घातली. "पितळेची असती तर पिन मोडली असती. वल्हं मारत काठाला आला असता, नवी घातली असती, दुपारच्या फेरीला परत नदीत असता."

मी तेव्हा काय बोलायला हवं होतं ते मला आता रोज सुचतं. चला, उठा, आत्ताच्या आत्ता आमच्या घरी चला. एवढंच म्हणायचं होतं. आमचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर आहे. काका म्हणाले, "मी सांगतो त्याला. माझं मीच सांगणार. पण मोटार चालू होऊ दे आधी. चालू मोटार हातात देतो आणि सांगतो." आणि मी हो म्हटलं. मला भीती वाटली की आता सांगितलं तर काम अर्ध्यावर राहील, आणि बाबांचा होडीतला चेहरा मला बघायला मिळणार नाही. म्हणजे माझ्या हौसेपायी मी थांबले. दुसऱ्याला नावं ठेवायला माझी जीभ चांगली चालते. त्या दिवशी मात्र मूग गिळून बसले.

मधे एक रविवार आला. आमच्याकडे जेवण होतं, काका-काकू, त्यांचा मुलगा, सून. मी वाढत होते. काकांचा मुलगा बाबांना म्हणाला, "मग काका, होडीत बसणार म्हणे पुन्हा? दगडांना आधी कळवलंत का, बाजूला व्हायला?" सगळे हसले. बाबाही हसले आणि म्हणाले, "दगडच मला शोधत येतील."

मी काकांकडे बघितलं. त्यांच्या खिशाचं बटण लावलेलं होतं. ते ताटात बघत जेवत राहिले. मला वाटलं आता बोलतील, हा घास संपला की बोलतील. मीही तिथेच उभी होते, तोंड मलाही होतं. मी बाबांना विचारलं, "अजून वाढू का?"

त्यानंतर आठवड्याने काकांनी वर्कशॉपच्या मागच्या पिंपात पाणी भरून मोटार त्यावर टांगली. पेट्रोलमध्ये ऑइल स्वतः मोजून मिसळलं, चाकाला दोरी गुंडाळली आणि ओढली. सहाव्या झटक्याला ती खोकली. नवव्याला निळा धूर सोडत चालू झाली. पिंपातलं पाणी आमच्या अंगभर उडालं. काकूने दारातून टाळी वाजवली. काकांनी कान लावला नाही. नुसते बघत उभे राहिले, जणू चालू झाली याचं त्यांना दुःख झालं होतं. आता सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका कोळ्याची रिकामी होडी मागून घेतली. पूल झाल्यापासून धक्क्यावर फारसं कुणी नसतं. काकांनी मोटार लावली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि पायऱ्यांवरच थांबले. "तूच चालव, दादा. मी बसतो पुढे."

"तुझी मोटार आहे," काका म्हणाले. "बस मागे."

बाबा बसले. दोरी गुंडाळताना त्यांची बोटं मात्र चुकली नाहीत, बत्तीस वर्षांनंतरही. तिसऱ्या ओढीला मोटार सुरू झाली. ते एकटेच निघाले. मी काठावरून त्यांचा चेहरा बघत होते, ज्याच्यासाठी मी तीन आठवडे गप्प बसले तो चेहरा. त्यावर नुसती भीती होती. ते माणसाच्या चालीने जात होते. मूठ जेमतेम उघडलेली, दुसरा हात होडीच्या काठाला घट्ट धरलेला, डोळे पाण्यात दगड शोधत. नदी तर चांगली भरलेली होती.

"उघड!" काका ओरडले. "अरे, उघड अजून!"

बाबांनी मान हलवली आणि मोटार वळवली. दहा मिनिटांत परत आले. स्वतःच बंद केली. "छान चालतेय, दादा," ते म्हणाले. "कमाल केलीस. आता तुझ्याकडेच ठेव. माझ्या हातून उगाच मोडायला नको."

काकांनी खिशाचं बटण काढलं. एकदा प्रयत्न केला, निघेना, मग ओढून तोडलंच. पिन बाबांच्या तळहातावर ठेवली.

"तुझ्या हातून नाही मोडली," ते म्हणाले. "ही माझी. पोलादाची घातली होती मी. रागात. ही मोडायला हवी होती. ही मोडली नाही म्हणून गिअर गेले. दगड सगळ्यांनाच लागतात. दोष माझ्या हाताचा होता."

बाबांनी पिन बोटांत फिरवली. अंगठ्याने खाचा चाचपल्या, एक, दोन, तीन. मला वाटलं ते रडतील किंवा ओरडतील. काकांनाही तेच वाटलं असावं, कारण ते अंग चोरून उभे होते. बाबांनी शांतपणे विचारलं, "कुठे मिळाली?"

"पंख्यातच होती."

"कधी?"

काकांना ऐकू आलं नाही असं क्षणभर वाटलं. मग म्हणाले, "झाले तीन आठवडे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

मी मानेनेच हो म्हटलं. खोटं बोलायचा विचार मनात आला होता, हेही सांगून टाकते.

"बत्तीस वर्षं तुला माहीत नव्हतं, दादा," बाबा म्हणाले. "ते जाऊ दे. माणूस विसरतो. पण त्या रविवारी तू माझ्या घरी जेवत होतास." मग माझ्याकडे वळून, त्याच आवाजात, "आणि तू वाढत होतीस."

बाबांनी पिन नदीत टाकली नाही, काकांना परतही दिली नाही. स्वतःच्या खिशात ठेवली. मग चाकाला दोरी गुंडाळली, पाय रोवला आणि ओढली. पहिल्या झटक्याला मोटार लागली. त्यांनी होडी काठापासून ढकलली. आम्हाला 'या' म्हटलं नाही, 'थांबा' म्हटलं नाही. मधल्या प्रवाहात पोचले आणि होडीचं नाक वर उचललं गेलं. आवाज पुलाच्या खांबांवर आपटून परत येत होता. काका डावा कान तिकडे करून उभे होते.

"पूर्ण उघडलंय," ते म्हणाले. "मोटार छान बोलतेय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

याला आता सात महिने झाले. भांडण वगैरे काही नाही. बाबा माझ्याशी बोलतात, भाजी काय आणू विचारतात, नातवाचा अभ्यास घेतात. रविवारी काका येतात, दोघं शेजारी बसून जेवतात, हवापाण्याच्या गोष्टी होतात. 'दगड्या' हे नाव घरातून गेलं. कुणाला सांगावं लागलं नाही. बाबांनी त्या कोळ्याकडून होडी विकतच घेतली. रोज सकाळी नदीवर जातात आणि भन्नाट चालवतात, सत्तरीच्या माणसाने चालवू नये इतकी. पूल ओलांडणारे लोक थांबून बघतात. परवा शेजारणीच्या दोन मुलांना बसवून नेलं, भंगारवाल्याला नेलं, काकूलासुद्धा नेलं. ती परत आली ती पदर सावरत आणि लाल होऊन.

मला अजून बस म्हटलेलं नाही. काकांनाही नाही. आणि आम्ही विचारत नाही, कारण कोणत्या तोंडाने विचारायचं ते आम्हाला ठाऊक नाही.

पाणी आता पुन्हा उतरलंय. बाबांच्या पिना मोडतात, आठवड्याला एक तरी. काकांनी वर्कशॉपच्या दाराला बाहेरून पत्र्याचा एक डबा टांगला आहे, त्यात पितळेच्या पिना कापून ठेवतात. बाबा नदीवर जाताना दोन उचलतात आणि मोडलेले तुकडे त्यातच टाकतात. आत जात नाहीत. त्या पिनांवर खाचा नाहीत. आता काका कशावरच खाचा मारत नाहीत. त्रिकोणी कानस त्यांनी कापडात गुंडाळून फळीवर ठेवून दिली. काकूने विचारलं तर म्हणाले, बोललो होतो ना, म्हणून.

दुपारी मी दुकान बंद करून अजून तिथे जाते. काजं करत बसते. काका डबा आत आणतात, तळहातावर तुकडे ओततात आणि एकेक उचलून उजेडात धरतात. "मोडली," म्हणतात. "अगदी बरोबर मोडली." मग डावा कान माझ्याकडे करतात आणि विचारतात, "माझ्याबद्दल काही म्हणाला का गं?"

मी आता कानाला खडा लावलाय. विचारलं की खरं तेच सांगायचं, आणि लगेच सांगायचं.

"नाही, काका," मी म्हणते.

ते मान हलवतात आणि पुढची पिन कापायला घेतात.